रुसलेला ट्रॅक्टर : कावेरीकाठची एक यंत्रपरीक्षा

तामिळनाडूतील कुंभकोणम् हे गाव कावेरी आणि तिची शाखा अरसलार यांच्या मधल्या भूमीवर वसले आहे. गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे शालेय शिक्षण याच गावी झाले. ज्या तंजावर राज्यात हा मुलूख मोडत असे, तेथे १८५५ पर्यंत मराठी राजघराणे होते. त्यामुळे मराठी बोलणारी काही कुटुंबे या भागात आजही आढळतात. आपल्याला मात्र या लेखात गावाबाहेरच्या भातखाचरांत जावयाचे आहे. तेथे जून महिन्यातील एखाद्या सकाळी एक ट्रॅक्टर बांधाशी उभा असतो आणि काही केल्या सुरू होत नाही.

ही अडचण किरकोळ नव्हे. कावेरीवरील मेट्टूर धरण १९३४ साली पुरे झाले. पाणीसाठा पुरेसा असेल त्या वर्षी १२ जून रोजी धरणाचे दरवाजे उघडण्याचा प्रघात आहे. ते पाणी कल्लणैच्या प्राचीन बंधाऱ्यावरून कालव्यांत वळते व काही दिवसांनी खाचरांत पोचते. मग ‘कुरुवै’ नावाच्या आखूड मुदतीच्या भाताची लावणी सुरू होते. कुंभकोणम्‌जवळच आडुतुरै येथे १९२२ पासून भातसंशोधन केंद्र आहे, आणि लवकर तयार होणाऱ्या वाणांचा तेथे दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. भाताच्या रोपाचे वय मोजण्याचा एक जुना ठोकताळा असा की, पीक जितक्या महिन्यांचे तितके आठवडे रोप वाफ्यात ठेवावे. साडेतीन महिन्यांच्या कुरुवैचे रोप म्हणूनच चोवीस-पंचवीस दिवसांचे झाले की उपटून लावले पाहिजे. त्याला उशीर झाला तर फुटवे कमी येतात आणि उतारा घटतो. शिवाय कुरुवै लांबली की तिच्यामागून त्याच शेतात यावयाचे ‘ताळडी’ भातही ईशान्य मोसमी पावसाच्या तडाख्यात सापडते. पूर्वी चिखलणीला बैल आणि रेडे असत. आता बहुतेक ठिकाणी पिंजऱ्यासारखी लोखंडी चाके लावलेला ट्रॅक्टर ते काम करतो, आणि लहान शेतकरी तो तासावर भाड्याने घेतो. तेव्हा एक यंत्र अडले की रांगेतल्या सर्वांचीच रोपे वाफ्यात जून होऊ लागतात.

अशा वेळी घाईने पाने-स्क्रूड्रायव्हर काढून जे हाती लागेल ते सोडू लागण्याची प्रवृत्ती असते. तसे केल्याने बिघाड बहुधा वाढतो. डिझेल इंजिन हे मोटारगाडीच्या पेट्रोल इंजिनाहून एका अर्थी सोपे आहे. त्यात ठिणगी नसते, म्हणून ठिणगीचे बिघाडही नसतात. त्याला सुरू होण्यास तीनच गोष्टी लागतात : पुरेशी दाबलेली आणि त्यामुळे तापलेली हवा, तिच्यात योग्य क्षणी बारीक तुषारांच्या रूपाने शिरणारे डिझेल, आणि या दोन्ही क्रिया घडवून आणील इतका वेग. या तिन्हींपैकी कोणती उणी आहे हे प्रथम डोळ्यांनी व कानांनी ठरवावे आणि हत्यार मग उचलावे.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ साली या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याचे पहिले यशस्वी इंजिन चालले. सायकलचा पंप मारताना त्याचे तोंड अंगठ्याने दाबून धरले तर पंपाची नळी गरम होते, हे मुलांच्या परिचयाचे आहे. डिझेलची युक्ती याच तत्त्वावर उभी आहे. कुंभकोणम्‌ची ३० अंश सेल्सिअस तपमानाची हवा दट्ट्याने सतरापट दाबली आणि उष्णता मुळीच बाहेर जाऊ दिली नाही, तर गणिताप्रमाणे तिचे तपमान सुमारे ६७० अंशांपर्यंत चढते. प्रत्यक्षात सिलिंडरच्या भिंती काही उष्णता शोषून घेतात आणि कड्यांच्या फटींतून थोडी हवा निसटते, म्हणून आकडा बराच खाली येतो. तरीही डिझेलचे तुषार क्षणार्धात पेटण्याइतकी उष्णता उरते. हेच गणित पंजाबातील माघातल्या पहाटेसाठी, म्हणजे ५ अंशांच्या हवेसाठी, करून पाहिले तर उत्तर ५९० अंशांच्या आसपास येते. बाहेरचा २५ अंशांचा फरक आत जवळजवळ ८० अंशांचा होतो. म्हणून उत्तरेत थंडीच्या दिवसांत आत येणारी हवा तापविण्याची सोय कामास येते. कावेरीकाठी पौषातली पहाटही साधारणतः वीस अंशांच्या खाली फारशी उतरत नाही. तेव्हा तेथे ट्रॅक्टर सुरू झाला नाही, तर थंडीला दोष देण्याचे कारण बहुधा नसते. दोष अन्यत्र शोधावा.

पहिला प्रश्न असा : किल्ली फिरविल्यावर इंजिन फिरते का, आणि फिरते तर कसे?

मुळीच फिरत नसेल, नुसता ‘टक्’ असा आवाज येत असेल, किंवा कण्हत-कुंथत एखादा फेरा घेऊन थांबत असेल, तर डिझेलच्या नळ्यांना हात लावू नये. पुढचे दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरली आहे, किंवा तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा क्षार जमला आहे. या क्षाराची किंमत किती असते ते पाहा. स्टार्टर मोटर सुमारे दोनशे अँपिअर विद्युत्प्रवाह ओढते. सैल वा गंजलेल्या जोडावर एका ओहमचा शंभरावा भाग एवढा क्षुल्लक रोध असला, तरी दोनशे गुणिले ०.०१ म्हणजे दोन व्होल्ट त्या जोडावरच खर्च होतात. बॅटरी बाराच व्होल्टची! घरातला दिवा ज्या जोडावर निमूटपणे जळेल त्या जोडावर स्टार्टर हतबल होतो, तो यामुळे. टोके सोडून, खरवडून, घट्ट बसवावी आणि वर थोडी व्हॅसलीन लावावी. बॅटरीची जाड तार ट्रॅक्टरच्या सांगाड्याला जेथे जोडलेली असते तो जोडही पाहावा. चिखलात काम करणाऱ्या यंत्रात तोच आधी गंजतो आणि त्याच्याकडेच कोणी पाहत नाही.

दिवे मंदावले नाहीत आणि इंजिनही हलले नाही, तर क्लच पूर्ण दाबला आहे का व गिअर मोकळा आहे का हे पाहावे. पुष्कळ ट्रॅक्टरांत त्याखेरीज स्टार्टरला वीजच मिळत नाही. येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. स्टार्टरच्या दोन टोकांवर स्क्रूड्रायव्हर आडवा धरून इंजिन फिरविण्याची खेडोपाडी पडलेली रीत अत्यंत घातक आहे. तसे करणारा मनुष्य मागच्या मोठ्या चाकापुढे उभा असतो. गिअर पडलेला असला तर इंजिन पेटताच ट्रॅक्टर पुढे झेपावतो आणि तोच मनुष्य चाकाखाली सापडतो. क्लचपाशी बसविलेली कळ हा अपघात टाळण्यासाठीच आहे. ती बिघडली असेल तर दुरुस्त करावी. तिला वळसा घालून काम भागवू नये.

इंजिन फिरते पण मंद फिरते, हा प्रकार फसवा असतो. मिनिटाला दोनशे फेरे घेणाऱ्या इंजिनात दट्ट्या हवा दाबण्यास एक सेकंदाचा सातवा भाग घेतो. फेरे ऐंशीवर आले की त्याच क्रियेला अडीचपट वेळ लागतो. तेवढ्या अवधीत हवेची उष्णता थंड भिंतींत मुरते, कड्यांतून हवा पळते, आणि तुषार पेटत नाहीत. डिझेल, पंप, नोझल सर्व ठाकठीक असूनही केवळ दुबळ्या बॅटरीमुळे ट्रॅक्टर रुसून बसतो. आणि पुन्हा पुन्हा किल्ली मारल्याने ती बॅटरी आणखी दुबळी होते. म्हणून एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा अधिक स्टार्टर चालवू नये, आणि मध्ये मिनिटभर विसावा द्यावा.

ट्रॅक्टर कालव्यात किंवा खोल खाचरात कलंडून हवेच्या नळीतून पाणी प्याला असेल, तर मात्र किल्लीला हातसुद्धा लावू नये. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरात पाणी असताना इंजिन फिरविले की दट्ट्याचा दांडा वाकतो, आणि थोडक्यात भागणारे काम फार महागाचे होऊन बसते. इंजेक्टर काढून, पाणी बाहेर उडवून, तेल बदलल्यानंतरच पुढचा विचार करावा. हे काम जाणत्या मेस्त्रीचे आहे.

आता समजा की इंजिन चांगल्या वेगाने फिरते आहे, तरी पेट घेत नाही. अशा वेळी एकाने किल्ली धरावी आणि दुसऱ्याने धुराच्या नळीकडे पाहावे. वैद्य नाडी पाहतो तसा हा धूर पाहावयाचा असतो. पांढुरका, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरात पोचत आहे, पण जळत नाही. मुळीच धूर येत नसेल तर डिझेल पोचतच नाही. या एका निरीक्षणाने अर्धे यंत्र संशयातून मुक्त होते.

कुंभकोणम्‌च्या परिसरात, आणि तितकेच आपल्याकडे कोकणात वा भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात, धूर नसण्याचा प्रकार विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारण पाणी, चिखल आणि दमट हवा ही तिन्ही डिझेलची वाट अडविण्यात पटाईत आहेत. ती वाट टाकीपासून पंपापर्यंत, उताराच्या दिशेने, पाहत जावी.

सर्वांत आधी इंजिन बंद करण्याची दांडी. जुन्या ट्रॅक्टरांत इंजिन थांबविण्यासाठी एक दांडी ओढतात. तिने पंपातले डिझेल बंद होते. ती पुन्हा आत ढकलावयास विसरणे ही गोष्ट अनुभवी चालकांकडूनही घडते. मग टाकीची तोटी उघडी आहे का ते पाहावे, आणि टाकीत डिझेल आहे का तेही. काट्यावर विसंबू नये. स्वच्छ काडी बुडवून पाहावी. बांधावर ट्रॅक्टर तिरपा उभा असला तर टाकीत चार-पाच लिटर डिझेल असूनही तोटीचे तोंड उघडे पडते आणि नळीत हवा शिरते.

नंतर टाकीचे झाकण. त्याला एक बारीक छिद्र असते. डिझेल जसजसे खर्च होते तसतशी त्याच्या जागी बाहेरची हवा या छिद्रातून आत येते. ते चिखलाने बुजले, किंवा मातीची घरटी करणाऱ्या कुंभारीण माशीने तेथे आपला गोळा थापला, तर टाकीत हळूहळू पोकळी निर्माण होते आणि डिझेल पुढे सरकेनासे होते. असा ट्रॅक्टर सकाळी ठीक चालतो, तासा-दीड तासाने बंद पडतो आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा चालतो. मालक मात्र पंप बदलण्याच्या गोष्टी बोलू लागतो. झाकण सैल करताच ‘फुस्स’ असा आवाज आला आणि इंजिनाला जीव आला, तर एका टाचणीने दुरुस्ती संपते.

यानंतर गाळ साठविणारी काचेची किंवा धातूची वाटी. ती सोडून तिच्यातले डिझेल स्वच्छ काचेच्या बाटलीत ओतावे आणि पाच मिनिटे स्थिर ठेवावे. डिझेल पाण्याहून हलके असते, म्हणून पाणी तळाशी वेगळे दिसते. हे पाणी येते कोठून? काही वेळा पिंपातून, काही वेळा झाकणातून. पण पुष्कळदा ते हवेतूनच येते. अर्धवट रिकामी टाकी दिवसा तापते व हवा बाहेर टाकते, रात्री निवते व दमट हवा आत ओढते. त्या हवेतील बाष्प टाकीच्या थंड पत्र्यावर दवासारखे जमून तळाशी उतरते. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य पावसाच्या महिन्यांत ही क्रिया रोज रात्री घडते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर काही सूक्ष्मजंतू वाढतात आणि त्यांचा तपकिरी बुळबुळीत थर गाळणी बुजवून टाकतो, हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल. यावर उपाय साधा आहे : काम संपल्यावर सायंकाळी टाकी भरून ठेवावी. जेथे हवाच नाही तेथे दव पडणार नाही. पिंपातले डिझेलही एक दिवस स्थिर ठेवून, तळाचा चार बोटे भाग सोडून, वरूनच काढावे.

या स्वच्छतेचा एवढा आग्रह का, हे पंपाची रचना पाहिली म्हणजे कळते. डिझेलच्या पहिल्या इंजिनात इंधन आत ढकलण्यासाठी दाबलेली हवा लागे आणि तिच्यासाठी एक अवजड यंत्र जोडावे लागे. १९२७ साली जर्मनीतील बॉश कंपनीने लहान इंजिनांना बसेल असा इंधनपंप मोठ्या संख्येने तयार करण्यास आरंभ केला. डिझेल इंजिन वाहनांत आणि शेतात सर्रास आले ते त्यानंतर. भारतात अशा पंपांचे उत्पादन बंगलोरच्या ‘मायको’ने १९५१ मध्ये स्थापना झाल्यावर हाती घेतले, आणि मद्रासची ‘टाफे’ ही ट्रॅक्टर-कंपनी १९६० साली निघाली. या पंपातील पोलादी दांडा ज्या नळकांड्यात खालीवर होतो त्यांच्यातील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट एवढीच असते. माणसाचा केस त्या फटीच्या वीस-तीस पट जाड आहे. तेथे डिझेल हेच वंगण असते. पाण्याचा थेंब शिरला की वंगण नाहीसे होते, गंज चढतो. धुळीचा कण शिरला की चरा पडतो. म्हणून गाळणी ठरलेल्या तासांनी बदलावी. ती धुऊन पुन्हा वापरणे ही काटकसर महागात पडते.

गाळणी बदलली, वाटी साफ केली, टाकी भरली. तरीही इंजिन सुरू होत नाही! येथे पुष्कळजण हताश होतात. पण अजून एक शत्रू उरलेला असतो, आणि तो आपणच आत सोडलेला असतो. तो म्हणजे हवा. ‘इंजिनाने एअर घेतली’ असे मेस्त्री म्हणतात, त्याचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे.

पंप दर फेऱ्याला प्रत्येक सिलिंडरासाठी जेमतेम तीस-चाळीस घन मिलिमीटर डिझेल सोडतो. ते नोझलचे तोंड उघडते केव्हा, तर दाब वातावरणाच्या दीडशे ते दोनशे पट चढल्यावर. डिझेल द्रव असल्याने जवळजवळ दबत नाही, म्हणून पंपाने इकडे ढकलले की तिकडे लगेच दाब पोचतो. पण नळीत तुरीच्या दाण्याएवढा, म्हणजे सुमारे पन्नास घन मिलिमीटरचा, हवेचा बुडबुडा असला तर? पंपाचा सगळा रेटा तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो. बुडबुडा आकसतो, दांडा मागे येताच पुन्हा फुगतो, आणि नोझलपर्यंत हवा तो दाब कधीच पोचत नाही. किल्ली कितीही वेळ मारली तरी हा खेळ असाच चालू राहतो. कुंभकोणम्‌शेजारच्या स्वामिमलै येथील मूर्तिकार मेणाचा साचा करून कांस्याच्या मूर्ती ओततात. हवेला बाहेर पडण्यास वाट ठेवली नाही तर वितळलेला धातू बोटांच्या टोकांपर्यंत पोचत नाही, हे तेथील उमेदवाराला आधी शिकावे लागते. ट्रॅक्टरच्या इंधननळीचेही तसेच आहे. आधी हवेला वाट द्यावी, मग डिझेल पोचते.

हवा काढण्याचा क्रमही टाकीकडून इंजिनाकडे असाच आहे. गाळणीच्या माथ्यावर हवेचा एक स्क्रू असतो. तो दोन-तीन आटे सैल करून खालच्या लहान पंपाची हाताने चालवावयाची दांडी वरखाली करावी. प्रथम फेस येतो, मग बुडबुडे मिसळलेले डिझेल, आणि शेवटी अखंड स्वच्छ धार. धार आली की दांडी चालू असतानाच स्क्रू आवळावा. हाताची दांडी मोकळी वाटून काही ढकलीत नसेल, तर इंजिन अर्धा फेरा पुढे फिरवावे. आतला कॅम आडवा आलेला असतो. मग हीच क्रिया मुख्य पंपावरच्या स्क्रूपाशी करावी. इतक्याने बहुधा काम होते. न झाल्यास इंजेक्टरांना जोडलेल्या पोलादी नळ्यांच्या चक्क्या एक-एक आटा सैल कराव्या, डिझेल सोडणारी दांडी पूर्ण उघडावी आणि इंजिन फिरवावे. चक्कीपाशी थबकत-थबकत डिझेल येऊ लागले की एकेक आवळीत जावे. दोन नळ्यांत डिझेल भरले की पुष्कळदा इंजिन खोकत उठते, आणि तिसरी भरली की सुरळीत चालते.

येथेही सावधगिरी हवी. चालत्या इंजिनाच्या गळक्या नळीवर बोट ठेवून गळती शोधू नये. तो सूक्ष्म फवारा कातडी भेदून आत जातो. जखम टाचणीच्या टोचण्यासारखी दिसते व दुखतही नाही, पण आत शिरलेले डिझेल मांस कुजवते आणि बोट गमावण्याची पाळी येऊ शकते. असे झालेच तर दुखण्याची वाट न पाहता तत्काळ इस्पितळ गाठावे. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी. आणखी एक गोष्ट : ५० अश्वशक्तींहून मोठ्या ट्रॅक्टरांना २०२३ पासून धुराचे कडक निर्बंध लागू झाले आहेत, आणि अशा नव्या यंत्रांत विद्युत्‌नियंत्रित इंधनव्यवस्था असते. तिच्यातील दाब वातावरणाच्या हजारपटीच्याही वर जातो. तेथे इंजेक्टरची चक्की सैल करण्याची वरील रीत मुळीच वापरू नये. निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणेच चालावे.

राहिला पांढऱ्या धुराचा प्रकार. त्यात डिझेल पोचते, पण जळत नाही. इंजिनाचा वेग पुरेसा असून डिझेलमध्ये पाणी नाही याची खात्री झाली असेल, तर झिजलेली नोझल तुषारांऐवजी थेंब टाकीत असेल, झडपा नीट बसत नसतील, कड्या झिजून दाब गळत असेल, किंवा पंप उतरवून परत बसविताना त्याची वेळ चुकली असेल. यांची परीक्षा करण्यास दाबमापक आणि नोझल तपासण्याचे उपकरण लागते. ती शेतात होत नाही. ट्रॅक्टर ओढून कार्यशाळेत न्यावा, आणि पंपाचे शिक्के बांधावर तोडू नयेत.

सुरू झालेले इंजिन लगेच चिखलात घालू नये. दहा मिनिटे ते जाग्यावर चालू ठेवावे. आत उरलेला एखादा बुडबुडा असला तर तेवढ्यात बाहेर पडतो. त्या वेळात सैल केलेल्या प्रत्येक जोडाभोवती कोरडे फडके फिरवून ते ओले होते का पाहावे. जेथून डिझेल गळते तेथून इंजिन बंद असताना हवाही आत शिरते, आणि मग दुसऱ्या दिवशी पहाटे तोच खेळ पुन्हा मांडावा लागतो. दोन दिवसांनी वाटीतले डिझेल परत बाटलीत ओतावे. तळाशी पुन्हा पाणी दिसले तर पाणी टाकीतच आहे असे समजावे, आणि पुढच्या पाळीचे शेत धरण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करून, धुऊन, वाळवून मगच भरावी.